शेतं, शाळा आणि रिकामी घरं : एचिगो-त्सुमारीने कलेला आराखड्यात कशी जागा दिली

गावाच्या विकास आराखड्यात कला बहुतेक वेळा शेवटच्या पानावर येते. रस्ते झाले, पाणी झालं, गटारं झाली, शाळा-दवाखाने झाले, आणि मग थोडे पैसे उरलेच तर एक सभागृह, चौकात एखादं शिल्प. उरलेल्या पैशांची कला उरलेल्या जागेतच बसते. जपानमधल्या एका डोंगराळ भागाने हा क्रम बदलला, आणि तोही अशा वेळी, जेव्हा तिथे पुढे माणसं राहतील की नाही याचीच शंका होती. ते प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे. त्यात यश आहे, अपयशही आहे, आणि माझ्या मते दोन्ही एकाच निर्णयातून आलेली आहेत.

जागा कशी आहे

निइगाता प्रांताच्या दक्षिणेला, शिनानो नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा पट्टा म्हणजे एचिगो-त्सुमारी. शिनानो ही जपानमधली सर्वांत लांब नदी, ३६७ किलोमीटरची. पट्ट्याचं क्षेत्रफळ सुमारे ७६० चौरस किलोमीटर. आज तिथे दोनच स्थानिक स्वराज्य संस्था आहेत, तोकामाची शहर आणि त्सुनान गाव. पण माणसं राहतात ती उतारांवर विखुरलेल्या दोनशेच्या आसपास वस्त्यांमध्ये. हिवाळ्यात दोन-तीन मीटर बर्फ पडणं इथे नेहमीचंच. डोंगरउतार कापून पिढ्यान्‌पिढ्या भाताची खाचरं केलेली. माणूस इथे फार जुना आहे : तोकामाचीत सापडलेली, काठावर ज्वाळा उसळल्यासारखी दिसणारी जोमोन काळातली मातीची भांडी सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची आहेत, आणि १९९९ मध्ये त्यांना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला.

हा भाग दोन गोष्टींवर जगत होता : भात आणि रेशमी किमोनोचं कापड. १९७०च्या सुमारास सरकारने भाताखालचं क्षेत्र कमी करायचं धोरण घेतलं. यंत्र न शिरणारी डोंगरातली छोटी खाचरं आधी पडीक झाली. किमोनो रोजच्या वापरातून गेला आणि त्यामागे माग थंडावले. तरुण टोक्योला गेले. घरात म्हातारी माणसं, नंतर एकच म्हातारं माणूस, नंतर कुलूप.

याच प्रांतातले तानाका काकुएई १९७२ ते १९७४ जपानचे पंतप्रधान होते. त्यांच्या राजकारणाने निइगाताला रस्ते, बोगदे, पूल भरभरून मिळाले. रस्ता आला की गाव टिकेल, हा त्या काळचा हिशेब. बर्फात अडकून पडणाऱ्या वस्त्यांसाठी त्या रस्त्यांचं मोल फार मोठं होतं, ते कुणी कमी लेखू नये. पण माणसं जायची थांबली नाहीत. म्हणजे १९९०च्या दशकात इथे नियोजनकारांसमोर प्रश्न आला तेव्हा नेहमीची उत्तरं देऊन झालेली होती.

१९९४चा प्रस्ताव

त्या वर्षी प्रांत सरकारने एक योजना आणली. शेजारशेजारच्या पालिकांनी एकत्र येऊन आपल्या भागाच्या विकासाचा संयुक्त आराखडा करायचा. खर्चाचा मोठा भाग प्रांत उचलेल. यामागे वेगळंही गणित होतं. छोट्या पालिकांचं विलीनीकरण व्हावं असं वरून सुचवलं जात होतं आणि त्याआधी त्यांना एकत्र कामाची सवय लागावी, हा हेतू. या पट्ट्यात तेव्हा सहा पालिका होत्या : तोकामाची, कावानिशी, नाकासातो, मात्सुदाई, मात्सुनोयामा आणि त्सुनान.

कामाची दिशा ठरवायला कितागावा फ्राम यांना बोलावलं गेलं. ते कला-प्रदर्शनांचं संयोजन करणारे, जन्म १९४६चा, निइगातातल्याच ताकादाचा. १९९६ मध्ये ‘आर्ट नेकलेस’ नावाचा आराखडा तयार झाला. त्याचे चार भाग होते, आणि या प्रकरणाचा गाभा मला या चार भागांच्या क्रमात दिसतो.

पहिला भाग शोधाचा. रहिवाशांनी आणि बाहेरच्यांनीही या भागात आपल्याला सुंदर वाटतं ते छायाचित्रांतून आणि शब्दांतून कळवायचं. दुसरा भाग फुलांच्या वाटांचा : वस्त्या जोडणाऱ्या रस्त्यांच्या कडेने लोकांनी स्वतः फुलझाडं लावायची. तिसरा भाग बांधकामाचा : प्रत्येक पालिकेत त्या त्या जागेचा विषय घेऊन एक मुख्य ठाणं उभारायचं. चौथा भाग म्हणजे दर तीन वर्षांनी भरणारा भूमीचा कला-महोत्सव, जो आज जगभर ‘एचिगो-त्सुमारी त्रैवार्षिकी’ म्हणून माहीत आहे.

बाहेर नाव झालं ते चौथ्या भागाचं. त्यामुळे हे प्रकरण ‘महोत्सव भरवला आणि गाव सावरलं’ अशा गोष्टीसारखं सांगितलं जातं. ते खरं नाही. मूळ कागदावर महोत्सव म्हणजे बाकीच्या तीन भागांत तीन वर्षं काय काम झालं, ते पाहुण्यांसमोर मांडण्याचा दिवस होता. घरातलं काम आधी, पाहुणे नंतर. ज्या गावांनी नंतर याचं अनुकरण करताना फक्त चौथा भाग उचलला, त्यांच्याकडे मांडव उतरल्यावर काय उरलं असेल, याची कल्पना करता येते.

एका जागी आणायचं नाही

आता तो निर्णय. सहा पालिकांचे पैसे एकत्र आले की नियोजनाची सरळ वाट एकच असते : मध्यवर्ती शहरात मोठं कलासंकुल बांधा, पार्किंग द्या, बस लावा. येणाऱ्याला सोयीचं, देखभालीला सोपं, उद्घाटनालाही देखणं. तसं झालं असतं तर तोकामाचीत एक मोठी इमारत उभी राहिली असती आणि बाकी पाच पालिकांनी पैसे भरून ती दुरून पाहिली असती.

कितागावांनी उलट मांडलं. कामं सगळ्या ७६० चौरस किलोमीटरवर पसरायची. वस्ती हा घटक धरायचा. येणाऱ्याला एका दिवसात सगळं पाहता येऊ नये. त्याने डोंगर चढावा, वाट चुकावी, कुणालातरी रस्ता विचारावा, खाचरांच्या बांधावरून चालत एखाद्या कामापाशी पोचावं. ही गैरसोय त्यांनी जाणूनबुजून आराखड्यात घातली. प्रशासनाच्या भाषेत हा शुद्ध अकार्यक्षमपणा होता, आणि तशी टीका झालीही. पण विचार केला तर वस्त्यांचं दुखणं हेच होतं की कार्यक्षमतेच्या हिशेबात त्या कधीच बसत नव्हत्या. शाळा बंद झाली ती कार्यक्षमतेसाठी, खाचर सोडलं तेही त्याचसाठी. त्याच मापाने कलेचीही जागा ठरवली असती तर वस्त्यांच्या वाट्याला पुन्हा काहीच आलं नसतं.

मुख्य ठाण्यांमध्येही हाच विचार दिसतो. २००३ मध्ये तीन मोठ्या इमारती पुऱ्या झाल्या. तोकामाची शहरात हिरोशी हारा यांची चौकोनी अंगणाभोवतीची इमारत. मात्सुनोयामात तेझुका आर्किटेक्ट्सचं निसर्गविज्ञान संग्रहालय, गंजल्या रंगाच्या पोलादाचं, बर्फाखाली गाडलं जाईल हे धरूनच बांधलेलं. जाड खिडक्यांतून बर्फाचे थर आतून पाहता येतात. आणि मात्सुदाईत एमव्हीआरडीव्ही या डच वास्तुरचनाकारांचं ‘नोबुताई’. ते पायांवर उचललेलं आहे, त्यामुळे खाली बर्फ न साचणारी मोकळी जागा मिळते. हे नोबुताई मात्सुदाई रेल्वे स्थानकाला लागूनच आहे, आणि १९९७ मध्ये सुरू झालेला होकुहोकू रेल्वेमार्ग तिथून जातो. पसरायचं म्हणजे कुठेही टाकायचं असं नव्हतं. दार कुठे असेल हे नीट ठरलेलं होतं, आणि दारातून आत गेल्यावर वाट लांब ठेवलेली होती.

होकार मिळवायला लागलेली वर्षं

पहिला महोत्सव १९९९ मध्ये व्हायचा होता. तो २००० मध्ये झाला. मधलं वर्ष विरोधात गेलं.

विरोध करणारे चुकीचे होते असं मला वाटत नाही. बर्फ काढायला पैसे लागतात, म्हाताऱ्यांची काळजी घ्यायला माणसं लागतात, आणि सार्वजनिक पैसा परदेशी कलाकारांच्या अगम्य वस्तूंवर घालायचा? नगरसेवकांनी हे विचारायलाच हवं होतं. कितागावा आणि त्यांचे सहकारी वस्तीवस्तीत जाऊन बसले. पहिल्या महोत्सवाआधी अशा दोन हजारांहून अधिक बैठका झाल्याचं सांगितलं जातं. टोक्यो आणि इतर शहरांतून विद्यार्थी स्वयंसेवक आले, त्यांनी स्वतःला ‘कोहेबी-ताई’ म्हणजे छोट्या सापांची टोळी असं नाव घेतलं. त्यांनाही सुरुवातीला लोकांनी दारातूनच परत पाठवलं.

आराखड्याच्या खर्चात बैठकांचा रकाना कुठेच नसतो. पण या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ त्यातच गेला, आणि माझ्या मते तोच पाया ठरला. याचं कारण जागेच्या मालकीत आहे. रस्त्याकडेला शिल्प ठेवायचं तर पालिकेची परवानगी पुरते. एखाद्याच्या वाडवडिलांच्या खाचरात कलाकृती ठेवायची तर त्या माणसाचाच होकार लागतो, आणि तो सहीने मिळत नाही.

एका उतारावरची खाचरं

हे नीट कळतं ते इल्या आणि एमिलिया काबाकोव या सोव्हिएत संघातून आलेल्या दांपत्याच्या कामात. नोबुताईच्या पलीकडे, मधे छोटी नदी, आणि समोरच्या उतारावर एकाखाली एक खाचरं. काबाकोवना तो उतार हवा होता. मालक वयस्कर होता, शेती आता सोडून द्यावी असं त्याच्या मनात आलेलं. त्याने आधी नकार दिला. पूर्वजांची जमीन आहे, तिथे कसली खेळणी उभी करता, अशी ती भावना. मग त्याने कलाकारांनी आणलेली चित्रं पाहिली. या परक्या माणसांनी भातशेतीच्या कामाचा एकेक टप्पा, आणि तो करणाऱ्यांचे कष्ट किती बारकाईने समजून घेतले आहेत हे त्याला दिसलं, आणि त्याने होकार दिला.

काम असं आहे. खाचरांमध्ये निळ्या-पिवळ्या सपाट आकृत्या उभ्या आहेत : जमीन तयार करणारा, पेरणारा, वाकून लावणी करणारे, कापणी करणारे, पीक घेऊन बाजाराकडे निघालेले. अलीकडच्या बाजूला, पाहणारा जिथे उभा राहतो तिथे, हवेत टांगल्यासारख्या ओळी आहेत, शेतीच्या त्या त्या कामाबद्दलच्या. योग्य जागी उभं राहिलं की ओळी समोरच्या आकृत्यांवर बरोबर बसतात आणि सगळा उतार एखाद्या उघड्या सचित्र पुस्तकासारखा दिसतो. एक पाऊल बाजूला सरकलं की अक्षरं आणि शेत वेगळं होतं.

आता नियोजनाच्या बाजूने बघा. आकृत्या बारमाही आहेत, पण चित्र पुरं होतं ते खाचर कसलेलं असेल तरच. पाणी भरलं नाही, चिखलणी झाली नाही, लावणी झाली नाही तर लावणी करणारी आकृती तणात उभी राहील. म्हणजे कलाकृतीने शेताला एक अट घातली. मालकाने शेती सोडायचा विचार लांबवला, आणखी काही वर्षं तो कसत राहिला. नंतर त्याला जमेना, तेव्हा खाचरं महोत्सव चालवणाऱ्यांनी कसायला घेतली. त्यातून ‘खाचरांची बँक’ म्हणता येईल अशी व्यवस्था वाढली : शहरातल्या लोकांनी वर्षाकाठी ठरलेली रक्कम भरून खाचराचं पालकत्व घ्यायचं, जमेल तेव्हा लावणी-कापणीला यायचं, आणि हंगामाला तांदळाचा वाटा घ्यायचा. वस्तीत कसणारा हात कमी झाला की तो बाहेरून आणायची ही सोय.

एका शिल्पामुळे जमिनीचा वापर टिकला. भू-वापराच्या नकाशावर हिरवा रंग भरून आणि कडक नियम लिहून जे होत नाही, ते इथे झालं. या प्रकरणातला हा माझा सर्वांत आवडता तपशील आहे, आणि कलेला आराखड्यात ‘जागा देणं’ म्हणजे काय, हे मला इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे दिसलेलं नाही.

भूकंप आणि कुलूपबंद घरं

२३ ऑक्टोबर २००४ रोजी चुएत्सु भूकंप झाला, ६.८ तीव्रतेचा. या पट्ट्याचंही नुकसान झालं, आणि पुढच्या हिवाळ्यांत बर्फाने झोडपलं. महोत्सवाच्या स्वयंसेवकांनी कलेचं काम बाजूला ठेवून घरं साफ करायला, पडझड उचलायला हात लावला. ज्यांनी त्यांना आधी दारातून परत पाठवलं होतं, त्यांच्याच घरी. १ एप्रिल २००५ला तोकामाचीत चार पालिका विलीन झाल्या. त्सुनान वेगळं राहिलं.

भूकंपानंतर कुलूपबंद घरांचा प्रश्न टोकाला गेला. दर हिवाळ्यात छतावरचा बर्फ काढला नाही तर लाकडी घर वाकतं आणि बसतं. म्हणून रिकामं घर तसंच पडू देणं हा पर्याय इथे नाहीच. वापरायचं नाहीतर पाडायचं. २००६च्या महोत्सवात रिकामी घरं आणि बंद शाळा हाच मुख्य विषय झाला.

मात्सुदाईजवळच्या एका वस्तीत जुनं शेतकऱ्याचं घर होतं, चुलीच्या धुराने आतून काळं पडलेलं. निहोन विद्यापीठाच्या कला शाखेतले विद्यार्थी, शिक्षक कुराकाके जुन्इची यांच्याबरोबर, त्यात शिरले आणि छिन्न्या घेऊन घर आतून कोरायला लागले. भिंती, खांब, तुळया, जमीन, एकही पृष्ठभाग सोडला नाही. काळ्या काजळीखालून उजळ लाकूड खवल्याखवल्यांनी वर आलं. महिनोन्‌महिने हे काम चाललं. नाव दिलं ‘कात टाकणारं घर’. आज तिथे मुक्काम करता येतो, म्हणजे घर स्वतःच्या देखभालीचे थोडे पैसे स्वतः मिळवतं. जेम्स टरेल यांचं २०००चं ‘प्रकाशाचं घर’ही असंच : पाहुणे राहतात, छत सरकतं, आणि चटईवर पडून आकाशाचा चौकोन संध्याकाळी रंग बदलताना पाहतात. आणखी एका गवती छपराच्या घरात चिनीमातीच्या चुली, बेसिनं, न्हाणीघर कलाकारांनी घडवलं आणि तिथलं भोजनगृह वस्तीतल्या बायका चालवतात.

सानादा प्राथमिक शाळा २००५ मध्ये बंद झाली तेव्हा तिच्यात तीन मुलं उरली होती. चित्रपुस्तकं करणारे ताशिमा सेइझो यांनी २००९ मध्ये सगळ्या शाळेचंच एक चित्रपुस्तक केलं. पानं उलटायची नाहीत, खोल्यांतून चालायचं. लाकडाचे ओंडके, वाहून आलेली फांदी, बिया रंगवून केलेल्या आकृत्या वर्गांत, जिन्यात, छताखाली लटकतात. गोष्टीतली पात्रं म्हणजे तीच शेवटची तीन मुलं, आणि शाळेच्या आठवणी खाणारं एक भूत. शाळा रिकामी होत नाही, हे त्या गोष्टीचं म्हणणं. बंद शाळेचं गोदाम करता येतं, वृद्धाश्रम करता येतो, दोन्ही उपयोगाचंच. पण शाळा गेल्याचं दुःख वस्तीने कुठे ठेवायचं, याला पालिकेच्या मालमत्ता विभागाकडे उत्तर नसतं.

आवाजाची जागा

संगीत आणि रंगभूमीला इथे उशिरा आणि कमी जागा मिळाली, हे मोकळेपणाने सांगायला हवं. मात्सुनोयामातल्या एका बंद शाळेत ख्रिस्तियाँ बोल्तांस्की आणि जाँ काल्मान यांनी २००६ मध्ये जे केलं त्यात हृदयाच्या ठोक्यांचा आवाज अंगात भिनतो. व्यायामशाळेत जमिनीवर पेंढा, अंधारात लोंबणारे दिवे, फिरणारे पंखे. पण तो आवाज ध्वनिमुद्रित आहे. जिवंत कलाकाराला राहायला, सराव करायला जागा २०१५ मध्ये झाली, त्सुनानमधल्या बंद पडलेल्या कामिगो माध्यमिक शाळेत. तिथे नाट्यसंस्था मुक्कामाला येतात, काम बसवतात, प्रयोग करतात. वर्गखोल्या निवासाच्या झाल्या, व्यायामशाळा रंगमंच.

उशीर का झाला असेल? शिल्प एकदा उभं राहिलं की नकाशावर त्याचा ठिपका पडतो. मैफल संपली की नकाशावर काही उरत नाही. म्हणून संगीताची मागणी आराखड्यात ‘कार्यक्रमांसाठी सभागृह’ एवढ्यावर येऊन थांबते, आणि सभागृह वर्षातले बहुतेक दिवस बंद असतं. संगीताला लागतं ते वेगळंच : शेजाऱ्याची झोप न मोडता रोज दोन तास वाजवता येईल अशी खोली, वाद्यं ओलाव्यापासून सांभाळणारं कपाट, रात्री उशिरा सराव संपल्यावर घरी पोचवणारी गाडी, आणि बाहेरगावच्या शिकवणाऱ्याला चार दिवस राहायला घर. बंद शाळेत हे सगळं आयतं असतं. कामिगोत ते नाटकासाठी जमलं. माझ्या मते हाच मार्ग संगीतासाठी आधीच्या टप्प्यात, १९९६च्या कागदावर यायला हवा होता, म्हणजे आपापल्या वस्त्यांत जुनी गाणी गाणाऱ्या म्हाताऱ्यांचा आवाज तरुणांच्या कानावर पडायला आणखी काही वर्षं मिळाली असती.

आकडे

पहिल्या महोत्सवाला, २००० मध्ये, ३२ देशांतले कलाकार आणि १,६२,८०० प्रेक्षक आले. २००६ मध्ये ३,४८,९९७. २०१५ मध्ये पाच लाखांचा आकडा ओलांडला. २०२१चा महोत्सव साथीमुळे पुढे गेला आणि २०२२ मध्ये लांबलेल्या हंगामात ५,७४,१३८ लोक आले.

हे आकडे सगळीकडे छापले जातात. मला त्यापेक्षा दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो : किती वस्त्यांनी भाग घेतला. २००० मध्ये २८. २००३ मध्ये ३८. २००६ मध्ये ६७, २००९ मध्ये ९२ आणि २०१२ मध्ये १०२. प्रेक्षक जाहिरातीने वाढवता येतात. वस्ती ‘आमच्याकडेही करा’ म्हणते ती शेजारच्या वस्तीत काय घडलं ते स्वतः पाहून. सुरुवातीला पालिकेची मोकळी जागा शोधून, छोट्या बागा आणि रस्त्याकडेच्या तुकड्यांवर कामं बसवावी लागली होती. नंतर लोकांनी आपली घरं, शाळा, खाचरं पुढे केली. विकास आराखडा लोकांनी आपला मानला की नाही, याचं इतकं साधं मोजमाप क्वचित हाती लागतं.

आणि आता तो तिसरा आकडा. विलीनीकरणानंतरच्या तोकामाचीची लोकसंख्या २००५च्या जनगणनेत सुमारे ६२ हजार होती. २०१० मध्ये सुमारे ५८,९००. २०१५ मध्ये ५४,९००. २०२०च्या जनगणनेत ती ५० हजारांच्या खाली आली.

वीस वर्षांच्या कलेने लोकसंख्येची घसरण थांबवली नाही. जे लोक हे प्रकरण ‘कलेने गाव वाचवलं’ म्हणून सांगतात ते हा आकडा सांगत नाहीत, आणि ‘कलेने काय झालं’ विचारणारे फक्त हाच सांगतात. माझं मत असं : लोकसंख्या ही रोजगार, शिक्षण, जन्मदर यांची गोष्ट आहे, ती एका महोत्सवाच्या माथी मारणं अन्याय आहे. पण १९९४च्या योजनेचा उद्देश विकास होता, त्यामुळे हा प्रश्न टाळताही येत नाही. माझं उत्तर असं की कलेने इथे घट थांबवली नाही. घट होत असताना वस्त्या एकमेकींपासून आणि जगापासून तुटल्या नाहीत, एवढं तिने केलं. घरातलं शेवटचं माणूस असतानाही दारात कुणीतरी येत राहिलं. ज्याने एकटं म्हातारपण पाहिलं आहे त्याला ही गोष्ट लहान वाटणार नाही.

काही तरुण आलेही. २०१५ मध्ये इथे एफसी एचिगो-त्सुमारी नावाचा महिलांचा फुटबॉल संघ उभा राहिला. खेळाडू इथे राहायला येतात, खाचरं कसतात, कलाकृतींची देखभाल करतात आणि उरलेल्या वेळात सराव करतात. संख्या छोटी आहे. पण एका वस्तीत दोन तरुण मुली लावणीला उतरल्या की त्या वस्तीच्या खाचरांचा पुढच्या वर्षाचा प्रश्न सुटतो.

देखभाल कोण करतं

प्रांताचा आधार कायमचा नव्हता, ते पहिल्यापासून माहीत होतं. तो संपल्यावर २००८ मध्ये एक ना-नफा संस्था स्थापन झाली, कलाकृती, इमारती, मुक्कामाची घरं, खाचरं सगळं वर्षभर चालवायला. बेनेस्से उद्योगसमूहाचे फुकुताके सोइचिरो यांनीही भार उचलला. म्हणजे आराखडा सरकारी पैशांवर सुरू झाला आणि मग तिकीट, मुक्काम, तांदूळ, पालकत्वाची रक्कम, देणगी अशा अनेक छोट्या झऱ्यांवर आला. आराखड्यात हे हस्तांतर आधीच लिहिलेलं असतं तर मधली काही वर्षं कमी ओढाताणीची गेली असती, असं मला वाटतं. भांडवली खर्चाचा आकडा मंजूर करताना तिसाव्या वर्षीचा झाडलोटीचा खर्च कुणी विचारत नाही.

विखुरण्याच्या निर्णयाची किंमत इथे दिसते. दोनशेहून अधिक कायमची कामं, तीही ७६० चौरस किलोमीटरवर. एका संकुलात असती तर चार माणसांनी सांभाळली असती. इथे प्रत्येक कामापाशी तिकीट तपासायला, चहा द्यायला, गवत काढायला वस्तीतलंच कुणीतरी बसतं, आणि ते माणूस दर महोत्सवाला तीन वर्षांनी म्हातारं होतं. ज्या विखुरण्याने वस्त्यांना मान दिला, त्यानेच त्यांच्यावर हा भारही टाकला.

२००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कलाकारांसाठी एका जुन्या घरात निवास सुरू झाला होता. १२ मार्च २०११च्या भूकंपात ते घर कोसळलं. वस्तीतल्या लोकांनी आणि ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी मिळून पुढच्याच वर्षी नवं उभं केलं, कारण तोवर ते वस्तीचं घर झालं होतं. पण नोव्हेंबर आला की महोत्सवाच्या नकाशावरची बरीच दारं बंद होतात. खिडक्यांना फळ्या ठोकतात. बर्फ पडायला लागला की कात टाकलेल्या घराच्या, भोजनगृहाच्या, शाळेच्या छतावर फावडं घेऊन कुणालातरी चढावं लागतं, एकदा नव्हे, हिवाळाभर. ते फावडं आज कुणाच्या हातात आहे आणि दहा वर्षांनी कुणाच्या हातात असेल, हा प्रश्न प्रत्येक वस्तीच्या बैठकीत आहे, आणि काही वस्त्यांमध्ये त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.